नाशिकरोड आणि ‘प्रेस’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोडचा माणूस “आमचे वडील प्रेसमध्ये होते” म्हणाला, तर ते पत्रकार नव्हते हे बाहेरगावच्याला समजावून सांगावं लागतं. इथे प्रेस म्हणजे नोटा, पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट आणि स्टॅम्पपेपर छापणारा सरकारी कारखाना. हे उपनगर त्याच्याभोवती वाढलं. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

प्रेस एक आहे की दोन?

दोन, आणि गोंधळ घालायला तिसरी.

थोरली इंडिया सिक्युरिटी प्रेस, बोलण्यात आयएसपी. बांधकाम १९२४ चं, छपाई १९२५ पासून. पोस्टाची तिकिटं, रसिदी तिकिटं, कोर्ट फी स्टॅम्प, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट, व्हिसाचे स्टिकर असा तिचा माल. धाकटी करन्सी नोट प्रेस, म्हणजे सीएनपी किंवा नुसती ‘नोटप्रेस’. ती १९२८ ची, पत्ता जेलरोड. तिच्यात फक्त नोटा.

तिसरी आहे गांधीनगरचं भारत सरकार मुद्रणालय. तिचा नोटांशी काडीचा संबंध नाही. ती सरकारी फॉर्म, अहवाल असं काम करते आणि तिचं मंत्रालयही वेगळं, शहरी विकासाचं. देशातल्या अशा १७ मुद्रणालयांची ५ करायचं केंद्राने २०१७ मध्ये ठरवलं, तेव्हा टिकलेल्या पाचांत नाशिकचं नाव होतं. त्या बातमीत ‘नाशिकची प्रेस’ असे शब्द होते. त्यावरून नोटप्रेस बंद होणार होती असं समजणारे अजून भेटतात. तसं काही नव्हतं.

आयएसपी आणि सीएनपी आधी थेट केंद्रीय अर्थमंत्रालयाची खाती होती. २००६ मध्ये त्या नव्याने काढलेल्या सरकारी महामंडळाकडे गेल्या. त्याचं इंग्रजी लघुरूप एसपीएमसीआयएल. मालकी शंभर टक्के केंद्र सरकारचीच आहे. या महामंडळाची नऊ केंद्रं आहेत: चार टांकसाळी, चार छापखाने, एक कागद कारखाना. चारपैकी दोन छापखाने एकट्या नाशिकरोडला आहेत.

स्टेशन गावापासून इतकं लांब का?

रेल्वेला नाशिकला यायचंच नव्हतं, तिला घाट चढून पुढे जायचं होतं. कसाऱ्याचा थळघाट १८६५ साली खुला झाला. इगतपुरीहून निघालेली लाइन देवळालीवरून मनमाडकडे जाते, आणि गोदाकाठचं जुनं नाशिक तिच्या वाटेत नव्हतं. मुंबईपासून सुमारे १८७ किलोमीटरवर, गावापासून आठ-नऊ किलोमीटर बाजूला स्टेशन पडलं. ‘इथे उतरा आणि रस्त्याने गावात जा’ अशा स्टेशनांना इंग्रजांच्या रेल्वेत ‘रोड’ जोडायची पद्धत होती. नाशिकरोडमधला रोड तो.

मधलं अंतर तोडायला १८८९ मध्ये अरुंद रुळांची ट्राम सुरू झाली. मेनरोडवरून स्टेशनपर्यंत तिचे डबे घोडे ओढत. १९३० नंतर थोड्याच वर्षांत ती बंद पडली. तोवर मोटारी आल्या होत्या आणि स्टेशनाजवळ प्रेसही उभी राहिली होती. आज नाशिक-पुणे रस्त्याने नाशिकच्या द्वारका चौकापासून नाशिकरोडच्या बिटको चौकापर्यंत घरांची रांग तुटत नाही. जुन्या नकाशात मात्र ती सगळी मोकळी जागा दिसते.

प्रेससाठी हीच जागा का निवडली?

आधीची स्थिती बघितली की उत्तर सोपं होतं. तिकिटं लंडनला दे ला रू कंपनीत छापली जात आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडमध्ये. दोन्ही बोटीने येत. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून सरकारला १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लहान रकमेच्या नोटा निघाल्या की कागदाचं वजन कैक पटीने वाढतं, कारण हजाराची एक नोट असते तिथे एकच्या हजार लागतात. एवढं सगळं समुद्रापलीकडून आणत बसणं परवडणारं नव्हतं.

मग जागा कशी हवी? माल देशभर जाणार म्हणून मेन लाइनवर. यंत्रं आणि कागद बोटीने येणार म्हणून मुंबई बंदराजवळ. पण मुंबईची दमट हवा नको. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवरचं कोरडं नाशिकरोड या तिन्ही अटींत बसलं. शेजारी देवळालीची लष्करी छावणी होती. आमच्या मते तिचंही वजन पडलं असणार, कारण असा कारखाना कोणी उघड्या माळावर एकटा टाकत नाही.

हवेचा आणि छपाईचा एवढा काय संबंध?

नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. तो ओल शोषतो आणि फुगतो. एका मोठ्या शीटवर नोटांच्या रांगा असतात. पहिल्या छपाईनंतर हवेतली ओल वाढली आणि शीट किंचित ताणलं गेलं, तर दुसऱ्या छपाईत एका टोकाच्या नोटा बरोबर बसतात, पण दुसऱ्या टोकाकडे सरकत जाताना फरक साचत जातो. छापखान्यात याला ‘रजिस्टर सुटलं’ म्हणतात. लग्नपत्रिकेत रंग हलला तर चालून जातं, नोटेत चालत नाही.

खिशातली पाचशेची नोट उजेडासमोर धरा. समोरच्या बाजूला डावीकडे ५०० चा आकडा तुटक तुकड्यांत छापलेला दिसेल. उरलेले तुकडे मागच्या बाजूला आहेत. उजेडात दोन्ही मिळून पूर्ण आकडा तयार होतो. दोन बाजू वेगवेगळ्या वेळी छापल्या असत्या तर ही रेघ रेघेला लागणं जवळपास अशक्य होतं. म्हणून ऑफसेटची (रबरी रुळावरून कागदावर शाई उतरवायची) ही छपाई दोन्ही बाजूंना एकाच वेळी करतात. बनावट नोट इथे पकडली जाऊ शकते.

नोट तयार होते तरी कशी?

वॉटरमार्क (उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी छाया) आणि सुरक्षा धागा प्रेसमध्ये घालत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. दोन्ही कागद बनतानाच त्यात येतात. पूर्वी हा कागद परदेशातून यायचा. १९६८ पासून होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, सरकारी कारखाना आहे, आणि अलीकडे म्हैसूरलाही झाला. त्यामुळे प्रेसमध्ये आलेल्या शीटवर गांधीजींची छाया आधीच ठरलेल्या जागी असते, आणि छपाई तिच्या हिशेबाने बसवावी लागते. शीट यंत्रात तिरकं गेलं तर छपाई कितीही सुबक होवो, वॉटरमार्क त्याच्यासाठी कोऱ्या ठेवलेल्या खिडकीबाहेर जातो आणि शीट बाद.

पहिला हात ऑफसेटचा: पार्श्वभूमीच्या बारीक रंगीत रेघा, दोन्ही बाजूंनी. दुसरा हात इंटाग्लिओचा, आणि खरी कारागिरी इथे आहे. धातूच्या प्लेटवर रेघा खोल कोरलेल्या असतात. प्लेटवर घट्ट शाई फासतात, मग वरची शाई पुसून काढतात. खाचांतली तेवढी राहते. त्यावर प्रचंड दाबाने कागद दाबला की तो खाचेत शिरून शाई उचलतो. म्हणून रेघ हाताला उठावदार लागते. शंभरच्या आणि त्यावरच्या नोटांवर गांधीजींचा चेहरा, अशोकस्तंभ आणि कडेच्या तिरक्या रेघा अंगठ्याने चाचपून बघा. शंभरला रेघा चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेला पाच. अंधांना नोट ओळखता यावी म्हणून त्या आहेत.

या टप्प्यावर बिघडतं ते पुसण्यात आणि वाळण्यात. पुसणं कमी पडलं तर कोऱ्या जागेवर मळकट छटा येते. पुसणं जास्त झालं तर खाचेतली शाई निघून रेघ फिकी पडते. शाईचा थर जाड असल्यामुळे ती वाळायला वेळ घेते. घाईने शीटवर शीट रचलं की खालच्याची ओली शाई वरच्याच्या पाठीवर उतरते आणि तिथे उलटा चेहरा दिसतो.

मग तपासणी, त्यानंतर नंबर. नंबर छापणारी चाकं यांत्रिक असतात आणि प्रत्येक ठशाला पुढे सरकतात. २०१५ पासून नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. शेवटी कटिंग. १०० नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं म्हणजे १,००० नोटांचं बंडल. प्रत्येक टप्प्यावर शीट मोजून घेतात आणि मोजून देतात. खराब झालेलं शीटही चांगल्या शीटइतकंच हिशेबात धरावं लागतं.

नंबरात चांदणी असलेली नोट खोटी असते का?

नाही. नंबर पडल्यावर एखादी नोट खराब निघाली तर तिची जागा भरायला दुसरी लागते. पूर्वी तोच नंबर पुन्हा छापून गड्डी पूर्ण करत. ते किचकट होतं. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांसाठी चांदणीची पद्धत आणली. सुरुवातीची अक्षरं आणि नंबर यांच्या मध्ये चांदणी असलेली नोट त्या जागी घालतात. २०१६ च्या अखेरीस पाचशेच्या नव्या नोटेतही ती आली. त्यामुळे कोऱ्या गड्डीत सगळे नंबर ओळीने नसले तरी नोटा शंभरच असतात. चांदणीची नोट म्हणजे खजिना, असं सांगून विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

छपाईची चूक असलेली नोट मिळाली. अस्सल चूक कशी ओळखायची?

नंबराचं चाक अडकलं तर दोन ठिकाणचे नंबर जुळत नाहीत. कापताना शीटचा कोपरा दुमडलेला असला तर नोटेला जादा कागदाचा कान राहतो. या चुका यंत्रात घडू शकतात. ‘अर्धी छपाईच नाही’ अशी नोट मात्र संशयाने बघा. रसायनाने शाई उडवून अशा नोटा तयार करतात. नोट आडवी धरून तिरप्या उजेडात कोरी जागा बघा. इंटाग्लिओचा दाब कागदात राहतो, शाई गेली तरी चेहऱ्याच्या रेघांचा उठाव जात नाही. उठाव दिसला तर ती नोट पूर्ण छापली गेली होती आणि नंतर धुतली गेली.

आजोबांच्या संग्रहात पंचम जॉर्जची तिकिटं आहेत. नाशिकची कोणती आणि लंडनची कोणती?

चित्रावरून कळणार नाही, दोन्हींचं चित्र सारखंच. वॉटरमार्क बघावा लागतो. लंडनला छापलेल्या १९११ च्या मालिकेत एका तिकिटामागे एकच मोठा तारा असतो. १९२६ पासून नाशिकच्या छपाईत लहान ताऱ्यांच्या रांगा आल्या. एका तिकिटावर बरेच तारे, कडेचे अर्धे कापलेले.

काळी, गुळगुळीत वाटी घ्या. तिकीट पालथं ठेवा, वर बेंझिनचे दोन-तीन थेंब टाका. कागद ओला होताच तारे गडद दिसतात आणि काही सेकंदांत विरतात. डिंकाला धक्का लागत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ आगपेटी नको. हीच युक्ती १९५२ नंतरच्या फोटोग्रॅव्ह्युअर (छायाचित्रावरून कोरलेल्या रुळाने छापलेल्या) तिकिटांवर करू नका, तिथली शाई बेंझिनमध्ये सुटू शकते. त्या तिकिटांना नुसता तिरपा उजेड पुरतो.

नाशिकच्या छपाईची पुढची पायरी म्हणजे ऑक्टोबर १९२९ ची विमानटपालाची सहा तिकिटं. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं साडेतीन आण्याचं तिरंगा आणि ‘जय हिंद’वालं, तेही इथलंच. पण १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं स्वित्झर्लंडहून छापून आणली, कारण फोटोग्रॅव्ह्युअरचं यंत्र तेव्हा इथे नव्हतं. ते आल्यावर १ ऑक्टोबर १९५२ ला कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर अशी सहा तिकिटं निघाली. आताच्या तिकिटांसाठी एवढी खटपट नको. टपाल खात्याच्या माहितीपत्रकात शेवटी तांत्रिक माहिती असते, तिथे मुद्रक म्हणून नाशिकचं किंवा हैदराबादचं नाव दिलेलं असतं.

नाशिकच्या प्रेसची सर्वांत गाजलेली चूक कोणती?

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट. चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं छापलं गेलं. मूर्तीचा उजवा हात पुढे हवा तिथे डावा आला. छायाचित्राची निगेटिव्ह पालथी बसली की असं होतं. इमारतीचं चित्र असतं तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण बुद्धमूर्तीत कोणता हात कोणत्या मुद्रेत, याला अर्थ असतो. जुलै १९५० मध्ये दुरुस्त तिकीट निघालं. संग्राहक दोन्ही शेजारी शेजारी लावतात. गाजलेली चूक म्हणून कोणी राणी व्हिक्टोरियाचं उलटं डोकं छापलेलं चार आण्याचं तिकीट पुढे करतं, पण ते १८५४ चं आणि कलकत्त्याचं. तेव्हा इथे रेल्वेसुद्धा नव्हती.

पाकिस्तानच्या नोटा नाशिकला छापल्या होत्या, हे खरं आहे?

खरं आहे. फाळणीनंतर पाकिस्तानकडे नोटांचा छापखाना नव्हता. एप्रिल १९४८ पासून तिकडे चालवायच्या भारतीय नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरं इंग्रजीत आणि उर्दूत जादा घातली. ती छपाई नाशिकची. जुलै १९४८ मध्ये त्यांची मध्यवर्ती बँक सुरू झाली आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या नोटा आल्या.

आखातातही भारतीय रुपया चालायचा. तिथून सोन्याच्या तस्करीसाठी रुपये वापरले जाऊ लागले, म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांचा नंबर झेड अक्षराने सुरू होतो. दहाची नोट लाल, शंभरची हिरवी. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला आणि हळूहळू बाकीचेही बाजूला झाले.

नाशिकला टांकसाळ आहे का?

नाही. नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला पडतात. नाशिकरोडला फक्त कागद. जुन्या काळी मात्र होती: नाशिकचं मोगली नाव गुलशनाबाद, त्या नावाची नाणी सापडतात, आणि चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. नाण्यांत रस असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

नाशिकमधून हजारो कोटींच्या नोटा गायब झाल्याचं वाचलं. खरं काय?

जून २०२३ ची ती बातमी. माहिती अधिकारातून आलेले प्रेसचे आकडे आणि रिझर्व्ह बँकेच्या अहवालातले आकडे यांची वजाबाकी करून ८८,०३२ कोटी रुपयांच्या पाचशेच्या नोटा ‘बेपत्ता’ ठरवल्या गेल्या. आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि छापलेल्या सर्व नोटांचा हिशेब लागतो, असं रिझर्व्ह बँकेने लगेच जाहीर केलं.

प्रेसमुळे उपनगर नेमकं कसं घडलं?

सरकारी पगार दर महिन्याला ठरल्या दिवशी येतो, आणि त्याभोवती बाजार बसतो. प्रेसने कामगारांसाठी नेहरूनगरला क्वार्टर्स बांधल्या. जेलरोड, उपनगर आणि देवळाली गावाच्या बाजूला लोकांनी स्वतःची घरं केली. नोकरी तीस-पस्तीस वर्षांची, बदली नाही, म्हणून माणसं रुजली. नाशिकरोड-देवळाली नगरपालिका वेगळी होती. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा ती, सातपूर आणि आसपासची गावं त्यात गेली. तरी इथला माणूस पंचवटीला जाताना अजून “नाशिकला जाऊन येतो” म्हणतो.

नाशिकची कारखानदारी साठच्या दशकात सातपूरची एमआयडीसी आणि ओझरचा विमान कारखाना यांनी सुरू झाली, असं लिहिण्याची पद्धत आहे. ती चूक आहे. तेव्हा प्रेसला चाळीसेक वर्षं झाली होती. सगळंच प्रेसचं, असंही नाही. मुक्तिधाम मंदिर बिटको उद्योगसमूहाच्या चौहान कुटुंबाच्या देणगीतून उभं राहिलं, आणि एकलहऱ्याचं वीज केंद्र १९७० चं.

आत जाऊन बघता येतं का? नोकरी कशी मिळते?

बघता येत नाही. सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. शाळेच्या सहलीसाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

भरतीची जाहिरात महामंडळाच्या आणि त्या त्या प्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर येते, परीक्षा ऑनलाइन असते. कनिष्ठ तंत्रज्ञ पदांना छपाईच्या ट्रेडचा आयटीआय लागतो: ऑफसेट मशीन मायंडर, प्लेट मेकर, लेटरप्रेस मशीन मायंडर वगैरे. फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या जागा वेगळ्या निघतात. “आतला माणूस ओळखीचा आहे” म्हणून पैसे मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

नोटेवर मराठी कुठे असते?

मागच्या बाजूच्या भाषापट्टीत पंधरा ओळी आहेत, इंग्रजी वर्णक्रमाने, आसामीपासून उर्दूपर्यंत. मराठी आठवी. वरून मोजा किंवा खालून, आठवीच. देवनागरीत चार ओळी आहेत, म्हणून लोक चुकतात. सहावी कोकणी, नववी नेपाळी, बारावी संस्कृत.

फाटकी नोट प्रेसमध्ये बदलून मिळते का?

नाही, गेटवरूनच परत पाठवतील. कोणत्याही बँकेच्या शाखेत जा. वीसपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा अखंड तुकडा असेल तर पूर्ण किंमत मिळते. पन्नास आणि वरच्या नोटांना सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त हवा. ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी किंमत, त्याखाली काही नाही. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. त्यातला ८० चौरस सेंटिमीटरचा एक सलग तुकडा असेल तर पाचशे मिळतील. घरीच चिकटपट्टी लावून दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडू नका, तशी नोट बँक घेत नाही.